काळ्या मातीतली थार आणि समोरून आलेली ट्रॉली

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी इंदूरला राजेंद्र नगरात राहतो. मार्चमध्ये डिझेल थार घेतली, फोर-बाय-फोर. जुलैच्या शेवटच्या रविवारी आम्ही मित्र चार गाड्या घेऊन महूच्या पुढे, जानापावच्या अंगाला एका कच्च्या वाटेनं डोंगरात शिरलो. चढावर समोरून खताच्या गोण्यांनी भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली आली. मागे कोणी जायचं यावरून पंधरा-वीस मिनिटं तोंडातोंडी झाली. शेवटी मी बाजूच्या सोयाबीनच्या कडेनं गाडी घातली आणि ती बुडाली. टायर नवे, फोर-बाय-फोर लावलेलं, तरी जागची हलेना. मित्रानं बंपरखालच्या कडीला दोरी बांधून हिसका दिला, तर कडी वाकली. अखेर त्याच ट्रॅक्टरवाल्यानं ओढून काढलं आणि पंधराशे रुपये घेतले. शेताचा मालक म्हणाला, परत दिसलात तर चाकांची हवा सोडीन. घरी बाबा म्हणतात, गाडी विकून टाक, सुख टोचतंय तुला.

चढणाऱ्याला आधी वाट, हा नियम खरा ना? मग चूक कोणाची? एवढी गाडी असून अडकली कशी? बरोबर काय ठेवावं? ऑगस्टमध्ये बायको-मुलांना घेऊन त्याच बाजूला जायचं ठरतंय, जावं का?

उत्तर

नियम तुमच्या बाजूनं होता, तरी मागे तुम्हीच जायला हवं होतं.

डोंगरी रस्त्यावर दोन गाड्यांपुरती रुंदी नसेल तर उतरणाऱ्यानं कडेला थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, हे आपल्याकडच्या रस्ता-नियमांत लिहिलेलं आहे आणि घाटात गाडी हाकणारे जाणते लोक ते पाळतात. कारण सरळ आहे. चढणारी गाडी थांबली की तिचा जोर मोडतो आणि सैल मातीवर पुन्हा निघताना चाकं जागीच फिरतात. उतरणाऱ्याला निघायला नुसता ब्रेक सोडायचा असतो.

पण हा नियम सारख्या दोन गाड्या समोरासमोर आल्या की लागू करायचा. शेतातल्या ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. भरलेल्या ट्रॉलीचं सगळं वजन उतारावर ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर थोपवलेलं असतं. त्या माणसाला चढावर मागे जायला सांगणं म्हणजे ट्रॉली जोडाशी मुडपून आडवी पडू दे म्हणण्यासारखं आहे. अशा वेळी वाट कोणाची हे विचारत बसू नये. कोणाला मागे जाणं सोपं आहे ते बघावं. ज्याच्या मागे रुंद जागा जवळ आहे, ज्याची गाडी आखूड आहे, ज्याच्याकडे चांगला रिव्हर्स आहे, तो मागे जातो. तिन्ही बाबतींत ते तुम्हीच होता. शिवाय ती वाट त्याची रोजची आहे. खत वेळेत शेतावर पोचलं नाही तर त्याचं नुकसान होतं. आपल्याला पोह्यांना उशीर होतो, एवढंच.

मागे जायची पद्धत सांगतो, कारण भांडणं बहुतेक वेळा मागे जाता येत नाही म्हणून होतात. शेवटच्या गाडीनं आधी हलायचं, मग तिसरी, मग दुसरी. चालकाशिवाय एकच माणूस खाली उतरून इशारे देईल. चौघांनी चार बाजूंनी ओरडलं की चालक कोणाचंच ऐकत नाही. इशारे देणाऱ्यानं डोंगराच्या अंगाला, गाडीपासून आठ-दहा मीटरवर, चालकाच्या आरशात दिसेल असं उभं राहावं. गाडीच्या मागे उताराच्या रेषेत कधीही उभं राहू नये. फोर-लो (फोर-बाय-फोरची हळू, जास्त जोराची जोडणी), रिव्हर्स गिअर, क्लचवरून पाय पूर्ण काढलेला, आणि गाडी इंजिनच्या आवरानं हळूहळू उतरू द्यायची. क्लच दाबून ब्रेकवर सोडलेली गाडी सैल मुरमावर घसरते. पुढची चाकं लॉक झाली की स्टिअरिंगही लागत नाही.

चढावर गाडी बंद पडली तरी हेच करायचं. फूटब्रेक दाबा, हँडब्रेक ओढा, रिव्हर्स घाला, इंजिन सुरू करा, क्लच सोडा, मग ब्रेक हळूहळू सैल करा आणि सरळ रेषेत मागे या. तिथेच गाडी वळवायचा मोह आवरा. आडवी झालेली गाडी उतारावर कलंडते.

चार-पाच गाड्या असतील तर समोरून येणाऱ्याला हातानं सांगायची रीत आहे: मागे अजून तीन असतील तर तीन बोटं, शेवटच्यानं बंद मूठ. समोरचा मग कुठे थांबायचं ते ठरवू शकतो. पाचपेक्षा जास्त गाड्या एका वाटेवर नेऊच नका. आपल्यामागची गाडी आरशात दिसत राहिली पाहिजे, आणि फाटा आला की मागचा दिसेपर्यंत थांबायचं. चढ आणि पाणी एकेकानं ओलांडायचं, म्हणजे पुढचा अडकला तर मागच्याला मागे हटायला जागा राहते.

बैलगाडी आली तर आपण थांबून तिला डोंगराकडची बाजू द्यावी, पण दरीकडची कड पक्की असेल तरच; ती खाली उतरून पायानं तपासा. शेळ्या आल्या तर त्यांच्या मधून घुसू नका. पुढच्या दोन पलीकडे गेल्या की मागच्या चाळीसही जाणार, चाकाखालून का होईना. इंजिन मंद ठेवा, हॉर्न नको. हॉर्न फक्त आंधळ्या वळणावर, एकदाच.

आता काळी माती. तुमच्या पत्रातलं खरं उत्तर इथे आहे.

तुम्ही राहता ते माळव्याचं पठार काळ्या बेसाल्टच्या थरांचं. तो दगड झिजून झालेली माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. ओली असताना ती चिकणमातीसारखी टायरच्या खाचांत घट्ट बसते. चाकाची दोन वळणं झाली की नवीन टायरचा ठसा नाहीसा होतो आणि तुमच्याकडे चार गुळगुळीत गोटे उरतात. ऑल-टेरेन टायर असला तरी तेच. मड-टेरेन टायर थोडा जास्त टिकतो, कारण त्याच्या खाचा मोठ्या असतात आणि फिरताना माती बाहेर फेकतात. पण फेकायला वेग लागतो आणि वेग आला की गाडी खड्डा खणते.

फोर-बाय-फोर म्हणजे चारही चाकांना जोर मिळतो, पकड मिळत नाही. दोन बाजूंच्या चाकांत जोर वाटणाऱ्या साध्या डिफरन्शियलमधून जोर आधी हलक्या चाकाकडे पळतो, त्यामुळे एक पुढचं आणि तिरकस मागचं चाक गरागरा फिरतं आणि बाकीची दोन शांत बसतात. थारच्या काही मॉडेलांत मागचा डिफरन्शियल स्वतः लॉक होतो, पण ओल्या काळ्या मातीवर चारही चाकं एकदम घसरली तर लॉक करून मिळवायचं काय? तुमची गाडी अशी बुडाली. वाहनात दोष नाही, जागा चुकली.

जागा ओळखायची परीक्षा दोन मिनिटांची आहे. गाडीतून उतरा, वीस पावलं पुढे चाला. बुटाला दुसरा तळ चढला, तर टायरलाही चढणार. मग मूठभर माती घेऊन तळहातावर वळा. पेन्सिलीएवढी वळी न तुटता झाली तर तिथे गाडी घालू नका, गाडी कोणतीही असो. वळी तुटली, हाताला खडे टोचले, माती लालसर मुरमाड असली, तर हळूहळू जाता येईल. रात्रीच्या सरीनंतर सकाळी वरून कोरडी दिसणारी वाट जास्त फसवते: वर बोटभर पापुद्रा, खाली लोणी.

यात वाटेवरचं सौजन्य कुठे आलं? नेमकं इथेच. ओल्या काळ्या मातीत तुमच्या चाकानं वीतभर खोल पाडलेली चाकोरी उघाड पडली की विटेसारखी कडक होते. पुढचे तीन-चार महिने त्या वाटेनं दूध घेऊन जाणाऱ्याची मोटरसायकल तिच्यात अडकते, बैलाचा पाय मुरगळतो. उतारावर असेल तर पुढचा पाऊस त्याच चाकोरीतून धावतो, तिची नाली होते, आणि दिवाळीपर्यंत वाट गेलेली असते. चाक जागेवर फिरवणं हा असभ्यपणाच आहे, मग तुम्ही तोंडानं कितीही रामराम करा. म्हणून सौजन्याचा वेगळा पाठ देत नाही. टायरमधली हवा, गिअर आणि पायाचा अंदाज जमला की अर्धं सौजन्य आपोआप होतं.

हवा. डांबरावर 32 पीएसआय ठेवत असाल तर मुरमाड, खडकाळ वाटेवर 20 ते 22 वर आणा. टायर आडवा कमी आणि लांबीला जास्त पसरतो, जमिनीला धरतो, खड्यावरून उडत नाही. दाब कमी म्हणजे वाट कमी उखडते, प्रवासही मऊ होतो. चिखलात 18 पर्यंत जाता येतं. 15 च्या खाली साध्या रिमवर जाऊ नका. वळताना टायर रिमवरून निसटतो आणि डोंगरात तो परत बसवणं हे दिवसभराचं काम होऊन बसतं. विंध्याच्या वाटांवर बेसाल्टच्या धारदार कपऱ्या आहेत, म्हणून तिथे 20 च्या खालीही नको, फुगलेली बाजू चिरते. बाजूच्या चिरेला पंक्चरची दोरी लागत नाही. कमी हवेवर वेग 30 च्या आत. डांबर लागलं की आधी कॉम्प्रेसरनं हवा भरायची, मग पुढे. कॉम्प्रेसर थेट बॅटरीच्या टोकांना चिमटे लावायचा घ्या. लायटरच्या सॉकेटवर चालणाऱ्यानं फ्यूज जातो.

गिअर. फोर-हाय कच्च्या सपाट वाटेवर, फोर-लो चढ, उतार, दगड आणि पाणी यांसाठी. फोर-लो गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रलमध्ये, क्लच दाबून लावा. उतारावर फोर-लो, पहिला गिअर आणि पाय दोन्ही पेडलांवरून बाजूला: इंजिन गाडी धरून ठेवतं. कोरड्या डांबरावर मात्र लगेच टू-हायवर (फक्त मागच्या दोन चाकांना जोर) या. थार आणि जिम्नीत पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारा मधला डिफरन्शियल नाही. महूजवळच्या जाम गेटच्या घाटातल्या वळणांवर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तो फरक सैल मातीवर घसरून निघतो, डांबरावर निघत नाही. मग स्टिअरिंग जड होतं, गाडी खुरडत चालते, आणि ताण पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर जातो.

आता अडकल्यावर काय. पहिला नियम: चाक तीन सेकंद जागेवर फिरलं की पाय काढा. त्यानंतरचा प्रत्येक सेकंद गाडीला ॲक्सलपर्यंत नेतो, आणि डिफरन्शियलचा गोळा मातीवर टेकला की चाकं अधांतरी होतात. उतरून चाकांच्या पुढची आणि गोळ्याखालची माती फावड्यानं काढा. हवा 15 वर आणा. ज्या चाकोरीतून आलात तिच्यातूनच मागे निघायचा प्रयत्न करा. पुढे काय आहे ते ठाऊक नाही, मागचं तर पार केलेलंच आहे. चाकाखाली रिकव्हरी बोर्ड किंवा चपटे दगड द्या. लोक जवळच्या झाडाच्या फांद्या तोडून चाकाखाली घालतात. ते करू नका. ती फांदी कोणाच्या तरी पळसाची किंवा मोहाची असते.

मित्रानं दोरी बांधली ती कडी गाडी ट्रकवर बांधून नेण्यासाठी असते, हिसक्यासाठी नव्हे. तुमची नुसती वाकली, हे नशीब. तुटली असती तर ती कडी दोरीसकट ओढणाऱ्या गाडीच्या काचेतून आत जाऊ शकली असती. वाकलेली कडी ठोकून सरळ करून घेऊ नका. वाकून सरळ झालेलं लोखंड आतून फाटलेलं असू शकतं. बदला. ओढायला चेसिसला बोल्टनं बसवलेला, भार लिहिलेला हुक वापरा. ट्रेलरच्या गोळ्यालाही दोरी लावू नये, तोही तुटून गोळीसारखा सुटतो.

दोर दोन प्रकारचे. ताणला जाणारा कायनेटिक दोर मऊ चिखलातून गाडीनं गाडी काढायला: 22 ते 24 मिलिमीटर जाडीचा, 8-9 मीटर लांब, त्याची तुटण्याची क्षमता गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीन पट. न ताणणारा पट्टा ट्रॅक्टरसाठी, कारण ट्रॅक्टर हिसका देत नाही, सावकाश ओढतो. ट्रॅक्टरला कायनेटिक दोर लावू नका, आणि साखळी तर कशालाच नको. चालकाला सांगा, भाऊ, पहिल्या गिअरमध्ये, दोर ताठ होऊ दे, मग ओढ. जोडायला दोन सॉफ्ट शॅकल (दोरीच्या कड्या) किंवा 4.75 टनाची बो-शॅकल (खीळ लावायची लोखंडी कडी). शॅकलची खीळ पूर्ण आवळून पाव फेरा मागे फिरवा, नाहीतर ताणानंतर ती हातानं सुटत नाही. ताणलेल्या दोराच्या मधोमध जाड रग किंवा ओलं पोतं टाका, आणि बाकी सगळ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट दूर, बाजूला उभं राहायचं. मुलं गाडीत नको, दोराजवळही नको.

उरलेलं सामान फार नाही. लहान फावडं, कातडी हातमोजे, टायरचा दाब मोजायचं साधन, पंक्चर किट, तीस सेंटिमीटर चौकोनी जाड प्लायवूडची दोन फळकुटं (नाहीतर जॅक मातीत जातो), पिण्याचं पाणी माणशी चार लिटर, प्रथमोपचार, अग्निशामक. दऱ्यांत मोबाईल बंद पडतो, म्हणून परवाना न लागणारे 446 मेगाहर्ट्झचे हातातले वॉकी-टॉकी गाडीगणिक एक. मोठ्या विंचसाठी (गाडीवर बसवायचं, तार गुंडाळून ओढणारं यंत्र) घाई करू नका. तुम्ही अजून जिथे गाडी घालता तिथे विंच लागला तर जागाच चुकली आहे. विंच घेतलात तर झाडाला पट्टा बांधूनच लावा, तार थेट खोडाभोवती गुंडाळली की साल सोलते.

ऑगस्टच्या बेताबद्दल. सोयाबीन जूनअखेर-जुलैच्या सुरुवातीला पेरलं जातं आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरपर्यंत उभं असतं. या काळात शेतांमधून जाणारी काळ्या मातीची कुठलीही वाट बंद समजा. बायको-मुलांना घेऊन जायचं तर जाम गेटपर्यंत डांबर आहे, धुकं आहे, 1791 मध्ये अहिल्याबाईंनी बांधलेला दरवाजा आहे, खालच्या नर्मदेकाठच्या निमाडाचा उतार समोर दिसतो. कच्चं नकोच त्या महिन्यात. धुक्यात दिवे डिपरवर ठेवा, चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय हे कळत नाही.

वाटेत पाणी लागलं तर पहिला प्रश्न, ते वाहतंय का? थारच्या पुस्तकात 650 मिलिमीटर पाणी लिहिलं आहे, ते साचलेल्या पाण्याचं आणि गोगलगायीच्या वेगाचं. वाहतं पाणी चाकाच्या मधोमध आलं तरी गाडी ढकलू लागतं. आधी काठी घेऊन चालत पार करून बघा. गुडघ्याला पाणी लागलं किंवा पाय सरकला तर परत. उतरताना फोर-लो दुसरा गिअर, चालण्याच्या वेगानं, मध्ये गिअर बदलायचा नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्ट कव्हर वेगळं घेतलं नसेल तर विमा हात वर करतो. रपट्यावरून (ओढ्यावरच्या ठेंगण्या फरशी-पुलावरून) पाणी चाललं असेल तर थांबा, दुसरं काही नाही. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असताना लोंढा येतो. 2011 च्या जुलैत महूजवळच्या पाताळपाणी धबधब्यावर माणसं अशीच वाहून गेली.

ओढ्यात गाडी धुऊ नका. खालच्या अंगाला कोणीतरी हंडा भरतंय.

खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा वाटा कडक, पण धूळ येते. घराच्या अंगणात, खळ्यावर, निमाडात उतरलात तर वाळत घातलेल्या लाल मिरचीवर तुमची धूळ बसते आणि मिरचीचा भाव उतरतो. वस्तीपासून दोनशे मीटर आधी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर आणा, गाड्यांत अंतर ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली झाडून ठेवलेली जागा दिसली तर तिच्यावर गाडी उभी करू नका, पहाटे तिथे फुलं वेचतात. तुमची गाडी डिझेलची आहे म्हणून एक जास्तीचं: नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, तेव्हा खालचा भाग भयंकर तापतो. वाळक्या गवतावर उभी केलेली गाडी वणवा लावू शकते. मुरमावर किंवा उघड्या दगडावर उभी करा.

कुठे जाता येतं हे नकाशावरच्या रेषेवरून ठरवू नका. महू, चोरल, मानपूर या वन परिक्षेत्रांत राखीव जंगल आहे आणि 1927 च्या वन अधिनियमाप्रमाणे तिथे विनापरवाना शिरणं गुन्हा आहे. राळामंडल अभयारण्य आहे, तिथे विचारूही नका. महूच्या आसपास बेरछा आणि हेमासारख्या लष्करी गोळीबाराच्या रेंज आहेत, तिथे न फुटलेला दारूगोळा पडलेला असतो. आदल्या दिवशी नाकेदाराला (वनरक्षकाला) भेटा, गावात कोटवाराला (गावच्या चौकीदाराला) किंवा सरपंचाला विचारा. ही वाट गावाची की कोणाच्या मालकीची, एवढाच प्रश्न. वाटेवर आडवं लावलेलं बाभळीच्या काट्यांचं कुंपण उघडलंत तर शेवटच्या गाडीनं ते तसंच परत लावायचं. डबकं लागलं तर कडेनं जाऊन वाट रुंद करायची नाही. तळ कडक असेल तर मधून, नसेल तर परत. आणि हमरस्त्यावर चढण्याआधी मुरमावर थांबून टायरमधली माती काठीनं काढा. डांबरावर सांडलेल्या त्या लगद्यावर मागून येणारा स्कूटरवाला घसरतो. रिममध्ये उरलेल्या मातीनं तुमचंही स्टिअरिंग 80 च्या वेगाला थरथरतं, आणि लोक उगाच अलाइनमेंट करून घेतात.

राहिला शेतकरी. त्याला राग आला तो चाकांच्या ठशांचा. सोयाबीनच्या ओळी साधारण 45 सेंटिमीटरवर असतात. सरळ जरी गेलात तरी दोन्ही बाजूच्या चाकांखाली किमान दोन ओळी गेल्या, आणि आत-बाहेर करताना चार. शिवाय ओली माती दाबली गेली की तिथे पाणी साचतं आणि आजूबाजूची झाडंही पिवळी पडतात. हे त्याला दिसतं, आपल्याला दिसत नाही. येत्या आठवड्यात कामाच्या दिवशी, एकाच गाडीनं, मित्रांचा घोळका न नेता जा. बाबांना बरोबर न्या; वयस्कर माणूस सोबत असला की बोलणं सोपं होतं, आणि गाडी विकायची की नाही हे ते तिथून परतताना सांगतील. बांधाच्या बाहेर थांबा, चालत जा. किती ओळी गेल्या ते त्याच्याबरोबर मोजा, भाव त्याला सांगू द्या, घासाघीस करू नका. चाकोऱ्या अजून ओल्या असतील तर फावडं नेलेलं असू दे, दोघं मिळून बुजवा.

पंधराशे रुपये जास्त घेतले असं तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटतं. रविवारी, भरली ट्रॉली वाटेत सोडवून, चिखलात ट्रॅक्टर घालून, शिव्या ऐकल्यावर काढून दिलं, त्याचे ते होतात. त्याचा फोन नंबर घेतला नसेल तर या खेपेला घ्या.